अनुभवी चालक पाहिजे

नाशिकच्या आडगाव नाक्यापासून पनवेलजवळच्या कळंबोलीपर्यंत कुठल्याही ट्रक टर्मिनलवर जा, दोन गोष्टी हमखास दिसतील. एक म्हणजे ट्रान्स्पोर्टच्या दारावर, चहाच्या टपरीच्या पत्र्यावर, कधी तर उभ्या ट्रेलरच्या मागच्या फळीवरसुद्धा लावलेली पाटी: ‘चालक पाहिजेत’. आणि दुसरी म्हणजे त्याच पाटीच्या सावलीत वडापाव खात बसलेली पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरे. त्यांच्या खिशात जड वाहनाचे पक्के लायसन असते आणि हाताला काम नसते. मालक म्हणतात, माणसे मिळत नाहीत. माणसे म्हणतात, काम मिळत नाही. गंमत अशी की दोघेही खरे बोलत असतात. या कोड्याचे उत्तर त्या पाटीवरच असते, पण जरा जवळ जाऊन वाचावे लागते. ‘चालक’ या शब्दाआधी बारीक अक्षरात आणखी एक शब्द लिहिलेला असतो: ‘अनुभवी’.

आज रविवारी सकाळी आपल्या घरात जे दूध आले, स्वयंपाकघरात जो गॅस पेटला, गाडीत जे पेट्रोल आहे आणि समोर जे नवे घर उभे राहते आहे त्यातले काँक्रीट, हे सगळे कुणीतरी रात्रभर चाक हातात धरून आणलेले असते. त्या माणसाला नोकरी कशी लागते, याचा विचार आपण करत नाही. इंजिनिअरला कशी लागते, हे आपल्याला ठाऊक असते. शेजारच्या मुलाला बँकेत कशी लागली, याचीही आपण चौकशी करतो. टँकर चालवणारा मात्र जणू टँकरबरोबरच कारखान्यातून तयार होऊन येतो, अशी आपली समजूत असते.

मी आयुष्याची पस्तीसेक वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. मधल्या काळात काही कादंबऱ्या लिहिल्या. पण नाशिक-मनमाड पट्ट्यातले जुने ट्रकवाले मला लेखक म्हणून ओळखत नाहीत. त्यांच्या दृष्टीने मी अजूनही ‘लोनवाले साहेब’च आहे. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे छोट्या वाहतूकदारांना द्यायचे कर्ज अग्रक्रम क्षेत्रात मोडू लागले. त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकात आमच्या टेबलासमोर पांढरा लेंगा-सदरा घातलेली, डिझेलचा वास येणारी माणसे रांगेने बसलेली असत. एखादी जुनी गाडी घ्यायची असे, दोन जामीनदार बरोबर आणलेले असत आणि अर्जावरची सही बरेचदा अंगठ्याची असे.

त्या माणसांच्या फायली वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली होती. प्रत्येकाची गोष्ट जवळजवळ एकसारखी होती. गावातून पळून किंवा पाठवून आलेला पोरगा एखाद्या उस्तादाच्या गाडीवर क्लीनर म्हणून लागे. गाडी धुणे, ग्रीस मारणे, लाकडी दांडक्याने टायर ठोकून त्याच्या आवाजावरून हवा ओळखणे, ताडपत्री ओढून दोर आवळणे, गाडी मागे घेताना ‘येऊ दे, येऊ दे, बस’ म्हणून ओरडणे. जेवण उस्तादाबरोबर, झोप टपावर, पगार नावाला. वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या मोकळ्या मैदानात उस्ताद खाली उतरे आणि म्हणे, ‘बस रे चाकावर.’ पुढे पाच-सहा वर्षांत तो चालक होई. त्यातला एखादा पै-पै जोडून आमच्याकडे येई आणि मालक होई. क्लीनर, चालक, मालक. तीन पायऱ्यांची ती शिडी होती. शाळेत न गेलेल्या माणसालाही चढता येईल अशा शिड्या आपल्या देशात मुळात थोड्या. त्यातली ही एक.

तिच्यात सारेच चांगले होते असे मी म्हणणार नाही. मारहाण होती, व्यसने होती, कोवळी पोरे रात्र रात्र जागत होती. पण एक प्रश्न त्या शिडीने आपोआप सोडवला होता. अनुभव नसलेल्या माणसाला अनुभव कोण देणार?

शिडीची खालची पायरी

ही खालची पायरी आता निखळली आहे. बऱ्याच गाड्यांवर आज क्लीनर दिसत नाही. एकटा चालक गाडी घेऊन निघतो. मालकाला विचारा, तो बोटांवर हिशेब करून दाखवील. डिझेल, टोल, हप्ता, विमा, टायर. त्यात दुसऱ्या माणसाचा भत्ता बसत नाही. पूर्वी नाक्यानाक्यावर कागद दाखवायला, जकातीच्या रांगेत उभे राहायला दुसरा माणूस लागे. २०१७ साली जीएसटी आला, तपासणी नाके गेले. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. नव्या गाडीत बिघाड झाला तर तो पान्याने सुटत नाही, संगणक जोडावा लागतो. म्हणजे क्लीनरचे काम एकेक करून यंत्रांनी आणि नियमांनी काढून घेतले. हे सगळे बदल आपापल्या जागी योग्यच आहेत. फक्त त्या कामाबरोबर एक शाळाही बंद झाली, इकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

त्यात बाजार मंद. २०१८ साली सरकारने ट्रकच्या एक्सलवर घालायच्या वजनाची मर्यादा वाढवली. त्याच गाडीत जास्त माल कायदेशीरपणे बसू लागला. मालाच्या दृष्टीने फायदा झाला, पण तेवढाच माल न्यायला गाड्या कमी लागणार, हे उघडच होते. पाठोपाठ २०१९ ची वाहन उद्योगातली मंदी, २०२० चा कोविड. छोट्या मालकांपैकी काहींनी गाड्या विकल्या, काहींच्या फायनान्सवाल्यांनी ओढून नेल्या. एक-दोन गाड्यांचा मालक हाच नवख्याला चाकावर बसवणारा माणूस होता. तो गेला. उरलेल्या मोठ्या कंपन्यांना तयार माणूस हवा असतो.

माझ्या माहितीतला एक मुलगा या सगळ्यातून गेला. त्याचे नाव सांगत नाही, कारण त्याला अजून या धंद्यात नोकरी करायची आहे. त्याच्या वडिलांना १९९१ साली आमच्या शाखेने ट्रकसाठी कर्ज दिले होते. गडी हप्त्याला चोख. पुढे गुडघे गेले, गाडी विकली. मुलाने आयटीआय केले, डिझेल मेकॅनिकचे. अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून तीन वर्षे काढली. कंत्राट संपले आणि पोरगा घरी बसला. मग त्याने ठरवले की गाडी चालवायची. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते.

‘साहेब, माझ्या बापानं बैल हाकले, मी ट्रक हाकला. पोरानं खुर्चीत बसावं, एवढंच मागणं होतं,’ ते मला म्हणाले. मी काय बोलणार? खुर्च्या किती उरल्या आहेत, हे मी आमच्या बँकेतच पाहिले होते.

कागदोपत्री चालक

जड वाहनाचे लायसन मिळवण्याचा रस्ता सरळ आहे, पण आखूड नाही. वय वीस पूर्ण लागते. आधी हलक्या वाहनाचे लायसन काढून एक वर्ष व्हावे लागते. मग व्यावसायिक वाहनाचे शिकाऊ लायसन, डॉक्टरचा दाखला, ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला आणि चाचणी. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती. ती २०१९ साली काढून टाकली. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. त्यांत जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचे शिक्षण सांगितले आहे. ३८ तास! पूर्वीचा क्लीनर एका फेरीत याहून जास्त वेळ उस्तादाच्या शेजारी बसलेला असे. तरीसुद्धा हे नियम स्वागतार्ह आहेत, कारण नुसते मैदानात दोन चकरा मारून लायसन घेण्यापेक्षा ३८ तास केव्हाही बरे.

आमच्या या मुलाने सगळे रीतसर केले. लायसन हातात आले आणि पाटी वाचता वाचता सहा महिने गेले. जिथे जाईल तिथे एकच प्रश्न: ‘किती वर्षं चालवतोस?’ खरे सांगितले की पुढचे वाक्य ठरलेले, ‘दोन-तीन वर्षं चालवून ये.’ कुठे चालवून यायचे, हे कुणी सांगत नव्हते.

अशा वेळी जो माणूस भेटतो, तो याही मुलाला भेटला. एजंट. आखातात टँकर चालवायचे काम, राहणे-जेवण कंपनीचे, दोन लाख रुपये द्यायचे, त्यातले निम्मे आधी. मुलाच्या आईने पाटल्या काढून ठेवल्या आणि सोनेतारण कर्जाला व्याज किती पडते हे विचारायला मुलगा माझ्याकडे आला. ‘काका, तीन महिन्यांत सोडवून घेईन,’ म्हणाला.

सोनेतारणाचा अर्ज भरताना बँकेतला माणूस कर्जाचे कारण विचारतो. बहुतेक जण ‘घरगुती’ असे लिहितात. त्या एका शब्दाआड किती घरांतली काय काय दुखणी असतात, ते मी पाहिले आहे. मी त्याला व्याजाचा दर सांगितला नाही. एवढेच म्हटले, परदेशी माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते. तिचा क्रमांक असतो, तो सरकारी ‘ई-मायग्रेट’ यादीत सापडतो. तू क्रमांक घेऊन ये. आणि हेही विचार, की आपले जड वाहनाचे लायसन तिथे चालते की पुन्हा परीक्षा द्यावी लागते? ती नापास झाली तर परतीचे तिकीट कुणी काढायचे? मुलगा दोन दिवसांनी आला. क्रमांक मागितल्याबरोबर एजंटाने फोन उचलणे बंद केले होते. पाटल्या हातात परत गेल्या. प्रश्न होता तिथेच राहिला.

गाडीच्या पाठीवरचा आकडा

मग आम्ही दोघे मनमाडजवळच्या पानेवाडीला गेलो. तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि टँकरांची रांग कधी संपत नाही. माझ्या ओळखीचे एक चालक तिथे आहेत. टँकरवर त्यांची तीस वर्षे गेली. आमच्या बँकेचे ते जुने खातेदार. झाडाखाली गाडी लावून डबा खात होते. मुलाकडे पाहून म्हणाले, ‘टँकरवर यायचंय? बरं, त्या पुढच्या गाडीच्या मागं काय लिहिलंय ते वाच.’

तिथे एक चौकट होती आणि तीत १२०३ हा आकडा. मुलाला वाटले गाडीचा नंबर. वाचकहो, आपणही पुढच्या वेळी महामार्गावर टँकरच्या मागे असाल तेव्हा ही चौकट जरूर पाहा. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले हे मालाचे क्रमांक आहेत. जगात कुठेही १२०३ म्हणजे पेट्रोल. १२०२ म्हणजे डिझेल. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया, १८३० म्हणजे गंधकाचे आम्ल. वर एक छोटी सांकेतिक खूण असते. तिच्यातला आकडा अग्निशमन दलाला सांगतो की पाणी मारायचे की फेस. आणि शेवटी इंग्रजी ‘ई’ असेल तर आसपासच्या लोकांना हलवण्याचा विचार करायला हवा. खाली संकटकाळी फोन करायचा नंबर. अपघात झाला आणि चालक बेशुद्ध असला, तरी गाडीने स्वतःच आपली ओळख सांगावी, यासाठी ही सोय.

असा माल नेणाऱ्याला नुसते जड वाहनाचे लायसन पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नवव्या नियमाप्रमाणे त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे आणि तीन दिवसांचा अभ्यासक्रम पूर्ण केला पाहिजे. मग लायसनवर तशी नोंद होते. साध्या व्यावसायिक लायसनची मुदत पाच वर्षांची, पण धोकादायक मालाची तीन वर्षांची. २०१९ च्या दुरुस्तीआधी ती एकच वर्षाची होती. नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा एक दिवसाची उजळणी. गाडीत ‘ट्रेम कार्ड’ ठेवावे लागते. माल सांडला, पेटला, डोळ्यात गेला तर काय करायचे, ते त्यावर लिहिलेले असते. सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी लागते. पेट्रोल-डिझेलच्या टँकरला स्फोटक पदार्थांच्या ज्या केंद्रीय खात्याचा परवाना लागतो, त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

‘पुस्तकातलं सगळं तीन दिवसांत येतं,’ ते चालक म्हणाले. ‘पण अर्धी भरलेली टाकी वळणावर कशी ढकलते, ते पुस्तकात येत नाही.’ पाण्याने अर्धी भरलेली बादली घेऊन धावून पाहा, म्हणजे याचा अर्थ कळेल. भरलेल्या टाकीत द्रवाला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीत तो लाट होऊन पुढे-मागे, डावी-उजवीकडे आपटतो. ब्रेक मारल्यानंतर गाडी थांबते आणि मग आतली लाट येऊन तिला पुन्हा पुढे ढकलते. पंपावर माल उतरवताना आधी गाडीची तार जमिनीला जोडायची, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. हे काम रोज करायचे आणि एकही दिवस विसरायचे नाही. ‘आमच्या धंद्यात हुशारीपेक्षा कंटाळा न येणं महत्त्वाचं,’ असे ते म्हणाले. बँकेच्या कॅशियरलाही मी हेच सांगत आलो होतो.

मालकाची बाजू

नवख्याला कुणी घेत नाही म्हणून मालकांना नावे ठेवणे सोपे आहे. त्याच दिवशी आम्ही पाच टँकर असलेल्या एका मालकाला भेटलो. सरळ माणूस. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, ‘साहेब, तुम्ही बँकवाले माझं घर तारण ठेवून घेता. पण माझी खरी इस्टेट रात्री दोन वाजता घाटात असते, दुसऱ्याच्या हातात. ती मी कुणाच्या हातात देऊ?’ वीस हजार लिटर पेट्रोल म्हणजे वीस लाखांच्या घरातला माल. वर गाडी. वर रस्त्यावरची माणसे.

या प्रश्नाला उत्तर देणे अवघड आहे. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला आणि जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावरच्या माणसांपर्यंत पोचले. चार जीव गेले. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूरजवळ गॅसच्या टँकरला ट्रकची धडक बसून लागलेल्या आगीत वीसच्या आसपास माणसे दगावली. टँकरच्या चाकामागे कोण बसतो, हा केवळ नोकरी मागणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा प्रश्न नाही. तो त्या रस्त्याने जाणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे. म्हणूनच अनुभवाची अट काढून टाका, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की अनुभव बाजारात विकत मिळत नाही. कुणीतरी तो द्यावा लागतो.

त्या मालकांनी मात्र वाट दाखवली. ‘एकदम टँकर मागू नको,’ ते मुलाला म्हणाले. ‘हंगामाचं काम बघ. हंगामात माणूस कमी पडतो, तेव्हा दार थोडं उघडं असतं.’

किती परीच्या गाड्या

खरे म्हणजे खास कामाच्या गाड्यांचे एक निराळेच जग आहे आणि टँकर हा त्यातला एक कोपरा. बांधकामावर येणारा मिक्सर घ्या. ढोल फिरत राहिला पाहिजे आणि काँक्रीट साधारण दोन तासांत ओतले गेले पाहिजे. गाडीचे वजन वरच्या बाजूला, त्यामुळे वळणावर घाई केली की संपलेच. चाकणहून मोटारी नेणारा लांबलचक कॅरिअर घ्या. त्याच्या चालकाला वरच्या मजल्यावर नवी कोरी मोटार ओरखडा न पाडता चढवावी लागते. दुधाचा टँकर तर घड्याळाचा गुलाम.

आणि पवनचक्कीची पाती नेणारे ट्रेलर! साताऱ्याकडच्या वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळ्यातल्या साक्री भागात ज्या पवनचक्क्या दिसतात, त्यांची पाती अशाच गाड्यांवरून वर गेली. आजकालची पाती तर साठ मीटरच्याही पुढे गेली आहेत. आधी रस्त्याची पाहणी होते, कुठला पूल वजन घेईल, कुठली वीजतार वर उचलावी लागेल, कुठल्या गावातल्या वळणावर कुणाचे कुंपण तात्पुरते काढावे लागेल, याची यादी होते. खास परवाना निघतो. मग ती गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने पुढे सरकते. अशा गाडीचा चालक आणि मागची चाके वळवणारा त्याचा सोबती यांच्यात शब्दाशिवायचे बोलणे चालते. हे शिकायला वर्षे जातात. अशा कामात अजूनही दोन-चार माणसांची टोळी लागते, म्हणजे शिकाऊ माणसाला जागा असते. शिडीची जुनी पायरी शोधायची तर ती अशाच ठिकाणी शोधावी लागते.

नाशिककरांना जवळचे म्हणजे द्राक्षांचे काम. जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत निर्यातीची द्राक्षे थंड कंटेनरात भरून कसारा घाटातून न्हावा-शेव्याच्या बंदराला जातात. आतले तापमान शून्याच्या आसपास ठेवायचे. ट्रेलरवरच्या जनरेटरचे डिझेल संपू द्यायचे नाही. दर थोड्या वेळाने उतरून तापमानाचा आकडा पाहायचा आणि लिहून ठेवायचा. बंदराच्या रांगेत तासन् तास उभे राहायचे, झोप आली तरी आकडा पाहायचा. एका शेतकऱ्याचे वर्ष त्या पेटीत बंद असते.

आमच्या मुलाला तिथे दुसरा चालक म्हणून काम मिळाले. पगार पूर्ण नव्हता. पहिल्या काही फेऱ्यांना रिकामी गाडी परत येताना सपाट रस्त्यावरच चाक हाती मिळे. घाटात मुख्य चालक. मुलाचे आयटीआय इथे उपयोगी पडले. एका रात्री जनरेटर बंद पडला तेव्हा त्याने तो रस्त्याच्या कडेला उघडून अर्ध्या तासात चालू केला. त्यानंतर घाटातले चाकही त्याच्याकडे आले.

कागदाची किंमत

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. ट्रकच्या धंद्यात वर्षानुवर्षे काम करूनही चालकाकडे ते सिद्ध करणारा कागद नसतो. पगार रोख, भत्ता रोख, ओळख तोंडी. मालक बदलला की अनुभव पुसला जातो. मी त्याला सांगितले, काम सुरू करतानाच दोन गोष्टी मागून घे. पगार रोख नको, खात्यात पाहिजे, मग तो थोडा का असेना. आणि हंगाम संपल्यावर एक पत्र: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या प्रकारची गाडी, कोणता मार्ग, अपघात झाला की नाही. दरमहा जमा झालेला पगार दाखवणारे पासबुक म्हणजे चालकाच्या हजेरीचे रजिस्टर. जो दुसरा मालक ते वाचतो, त्याला निदान एवढे कळते की या माणसावर कुणीतरी आधी विश्वास टाकला होता आणि तो फुकट गेला नाही.

या धंद्याच्या मानाचा प्रश्न यातच येतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ पासून २०२५ पर्यंत स्वतंत्र कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, असे तो सांगत असे. चालकाला तो ठाऊकही नसे. २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगले झाले. पण ट्रक चालवणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला आजही घरे कचरतात. जानेवारी २०२४ मध्ये, अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या. पानेवाडीचे टँकरही थांबले होते. पळून जाणारा चालक दोषी, यात शंका नाही. पण थांबलो तर जमाव जिवंत ठेवणार नाही, ही त्यांची भीतीही खोटी नाही. १ जुलै २०२४ रोजी नवी न्याय संहिता लागू झाली, त्या वेळी ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. पेट्रोल पंपावरच्या त्या दोन दिवसांच्या रांगांत उभे असताना तरी आपल्या लक्षात आले असेल, की टँकर आपोआप येत नाही.

काय करता येईल? फार मोठे काही सुचवण्याचा माझा अधिकार नाही. पण कारखान्यात शिकाऊ उमेदवार घ्यावेत म्हणून कायदा आहे, त्यांना विद्यावेतन आहे. मोठ्या वाहतूक कंपन्यांनी दर काही गाड्यांमागे एक शिकाऊ सहचालक ठेवला आणि वर्षभराचा लेखी अनुभव त्याच्या हाती दिला, तर निखळलेली पायरी पुन्हा बसवता येईल. त्यात उपकार नाही. आजचे अनुभवी चालक पन्नाशीकडे झुकले आहेत. पानेवाडीच्या त्या झाडाखाली डबा खाणाऱ्यांत मला पंचविशीचा एकही दिसला नाही.

एप्रिलमध्ये द्राक्षे संपली. मुलाला पत्र मिळाले, सात ओळींचे, मालकाच्या सहीशिक्क्याचे. त्याने ते लॅमिनेट करून घेतले. पावसाळ्यात दुधाच्या टँकरवर बदली चालक म्हणून जाता जाता त्याने तीन दिवसांचा अभ्यासक्रम पुरा केला आणि लायसनवर नोंद करून घेतली. पेट्रोलच्या टँकरवर अजून लागलेला नाही; पानेवाडीच्या त्या मालकांनी ‘दिवाळीनंतर ये’ म्हटले आहे, आणि हे ‘ये’ पूर्वीच्या ‘चालवून ये’पेक्षा वेगळे आहे, असे त्याला वाटते. मलाही वाटते. परवा त्याच्या घरी गेलो होतो. आईच्या हातात पाटल्या होत्या. तिने माझ्यादेखत त्याला विचारले, ‘कायम कधी होशील रे?’

‘ते ठाऊक नाही,’ तो म्हणाला. ‘पण आता किती वर्षं चालवतोस म्हणून विचारलं, की दाखवायला कागद आहे.’